मागं फिरणारी गाय

नवरा गेल्यावर घेतलेली माझी ही पहिली सुट्टी. या वयात लोक बोटीच्या सहलीला जातात. मी अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये नादीन नावाच्या गुरं पाळणाऱ्या बाईची गुरं डोंगरावरच्या कुरणात न्यायला घोडीवर बसले.

नादीननं मला कळपाच्या शेपटाशी लावलं. तिथं दिवसभर धूळ खायची आणि मागं फिरणाऱ्या गाई अडवायच्या. "वासरू दिसेनासं झालं की गाय उलटी पळते," ती म्हणाली. "जिथं शेवटचं पाजलं, थेट तिथं. कितीही हंबरली तरी जाऊ द्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी माझा मुलगा डॅरेल पिकअप घेऊन आडवा आला. एवढा चाळिशीचा घोडा, पण चेहरा रडवेला.

"आई, पुरे झाली हौस. पडलीस तर कोण निस्तरणार? उतर, घरी चल."

"घरी काय अडलंय?"

"अडलं काही नाही. वॉशिंग मशीन पाणी सोडत नाहीये. आणि तू करून ठेवलेलं सगळं संपलं."

खोटं कशाला बोलू, क्षणभर माझा हात लगाम वळवायला गेलाच. तेवढ्यात एक गाय हंबरत माझ्या बाजूनं मागं सुटली. मी घोडी आडवी घातली आणि तिला कळपात परत रेटलं.

नादीन शेजारी येऊन थांबली. तिनं डॅरेलला खालून वर न्याहाळलं.

"याचं दूध कधी तोडलंत?"

"आज," मी म्हटलं, आणि घोडीला टाच मारली.