बांधून आणलेल्याचं जेवण

मी टोप बोलतोय. मेक्सिकोच्या लष्कराच्या फिरत्या स्वयंपाकघरातला, ॲल्युमिनियमचा, एका माणसाला न उचलवणारा टोप. माझ्यात एका वेळी अख्ख्या तुकडीचा काळा घेवडा शिजतो.

कारखान्यातून आलो तो सार्जंट अबुंदिओच्या हाती पडलो. हा आमचा आचारी. जाडजूड, घामट, तोंडाचा फटकळ. एलादियो नावाचा शिपाई रोज ताट पुढे करून विचारायचा, "सार्जंट, आज घेवड्यात खडे किती?"

"दात आहेत ना तुला? मग चावून मोज!" अबुंदिओ म्हणायचा आणि त्यालाच डावभर जास्त वाढायचा.

माझं पहिलं मोठं काम म्हणजे ला पालोमेरा गावचा पूर. वादळानं डोंगर खाली आणला होता. आमच्या जवानांनी म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन चिखलातून काढलं. ओतिलिया नावाची एक बाई दहाएक वर्षांच्या पोराला हाताशी घेऊन बादली पुढे धरून उभी राहिली. अबुंदिओनं बादली काठोकाठ भरली. "देव तुमच्या वर्दीचं भलं करो," ती म्हणाली. मला कोण अभिमान वाटला!

कोठारात माझ्याशेजारी एक जुना, काळा पडलेला टोप होता. तो सांगायचा, "बंडखोरांना हुडकायला आम्ही डोंगरात गेलो होतो, तेव्हा मी रिकाम्या झालेल्या गावांतून फिरलोय. चुली गरम होत्या, माणसं नव्हती." मला वाटायचं, म्हातारा बरळतोय.

मग आठ-नऊ वर्षांनी सरकारनं अमली पदार्थांच्या टोळ्यांशी लढायला लष्कर रस्त्यावर आणलं, आणि आम्ही पुन्हा ला पालोमेराला आलो. या वेळी कुणी हात हलवला नाही. जवान तोंडाला काळं फडकं बांधून फिरायचे. गावकरी आम्हालाही भ्यायचे आणि टोळीलाही. आमच्याशी बोलताना दिसला तो टोळीच्या हिटलिस्टवर, आणि बोलला नाही तो आमच्या संशयात.

एका वळणावर टोळीनं आमच्या गाडीवर गोळ्या झाडल्या. एलादियो गेला. त्या दिवशीही जेवणाची रांग लागली. अबुंदिओ सवयीनं जास्तीचा डाव भरून तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जवानांनी रस्त्यावरून एका पोरगेल्या तरुणाला उचलून आणलं. हात मागे बांधलेले, ओठ फाटलेला. माझ्या चुलीमागच्या भिंतीशी त्याला बसवलं. गावात टायरचे पंक्चर काढणारा नासारियो. ओतिलियाचा मुलगा, पुरात तिच्या हाताशी होता तोच.

अबुंदिओनं ताट घेतलं, मक्याच्या भाकरीचे तुकडे केले आणि स्वतःच्या हातानं त्याला भरवलं.

"सोडतील ना मला?" नासारियोनं विचारलं.

"खा आधी. पाणी हवंय?"

जेवण झाल्यावर त्याला गाडीत घातलं. गाडी परतली तेव्हा तिच्यात तो नव्हता.

सकाळी ओतिलिया आली. फाटकावर तिला सांगितलं, असा कुणी आणलाच नाही. तेव्हा ती कुंपणाला वळसा घालून स्वयंपाकघराशी आली. "सार्जंट, ओळखलंत? पुरात तुम्ही वाढलं होतंत. माझा नासारियो इथं होता का हो?"

कॅप्टन शेजारीच कॉफी पीत उभा होता. अबुंदिओ माझ्यात डाव फिरवत राहिला. "नाही, बाई."

"बरं. तुम्ही सांगताय म्हणजे नसेलच," ती म्हणाली आणि वळली. त्या फाटकावरच्यांवर तिनं विश्वास ठेवला नव्हता, याच्यावर ठेवला.

डाव थांबला. अबुंदिओनं एप्रन काढून बाजूला ठेवलेल्या माझ्या झाकणावर टाकला.

"सार्जंट, जागेवर!" कॅप्टन ओरडला.

पण अबुंदिओ रस्त्यावर पोचला होता. "बाई, होता तो! मी खोटं बोललो. इथंच बसला होता."

ओतिलियानं त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली. मला वाटलं, मारणार. पण तिनं एवढंच विचारलं, "जेवला का?"

"जेवला. मी भरवलं."

हेच तो पुढे न्यायाधीशासमोरही बोलला. कॅप्टनवर खटला उभा राहिला, अजून रेंगाळतोय. हुकूम मोडला म्हणून अबुंदिओ मात्र आधीच तुरुंगात गेला. नासारियो सापडलेला नाही. ओतिलिया त्याला शोधत डोंगरात माती उकरत फिरते, असं जवान जेवताना दबक्या आवाजात बोलतात.

मी अजून नोकरीत आहे. छावणी दुसरी, आचारी नवा, भित्रा. त्या साक्षीतून वरच्यांनी धडा घेतला, तो एवढाच: बांधून आणलेल्याला जेवू घालायचं नाही. आचाऱ्यानं त्याच्याकडे बघायचंही नाही. बघितलंच नाही, तर सांगणार काय?

आत्ताही भिंतीशी एकजण बसलाय. नाव ठाऊक नाही. माझ्यातून वाफ निघतेय आणि तो मान उचलून वास घेतोय. नवा आचारी पाठ करून कांदा चिरतोय.

मला हात नाहीत. तुम्हाला आहेत. डाव माझ्या काठावरच ठेवलाय. कुणीतरी या, त्याला वाढा, आणि त्याचं नाव विचारा.