देवराईच्या फणसासाठी इंजिन

देवराईत उन्मळून पडलेल्या फणसाचा बुंधा ट्रकमधून कळंबोलीला आला, तेव्हा त्याच्यासोबत गावचे कोंडिबा तात्याही आले. देवाचे लाकूड एकटे पाठवायचे नाही, असे गावाने ठरवले होते. तात्यांनी उमेदीच्या काळात मोठ्या करवतीने लाकडे कापली होती. आता वयाची ऐंशी सरली होती. साल एकोणीसशे शहाण्णव, महिना माघ. चैत्रात ग्रामदैवताची यात्रा होती.

बाबासो त्याच गावचे. महाप्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य वेचून ते नुकतेच निवृत्त झाले होते. लोखंड बाजाराच्या मागे, मेहुण्याच्या शेडमध्ये, त्यांनी स्वतःच्या हातांनी करवत उभारली होती. लोखंडी चौकट, मोटारीची दोन जुनी चाके, त्यांवरून फिरणारी दातेरी पोलादी पट्टी, आणि सारे रुळांवरून हाताने पुढे ढकलायचे.

हा खटाटोप एका बुंध्यासाठी होता. गाभाऱ्याचे दार वाळवीने पोखरले होते. पडलेला फणस दारासाठी घ्यावा का, असा देवाला कौल लावला; उजवे फूल पडले, होकार मिळाला. परंतु कौल एकाच झाडाचा, आणि एका कामासाठी देवाला दोनदा विचारीत नाहीत. देवराईचे लाकूड देवाच्याच कामी लावायचे आणि त्याचा भुसाही राईत परत न्यायचा, ही पूर्वापार चाल. बुंधा वखारीत कापायला दिला तर भुसा कोणत्या ढिगात मिसळेल, कोण सांगणार? शिवाय बुंधा एका अंगाने पोकळ होता. दाराच्या दोन अखंड फळ्या त्यातून निघणार होत्या. तिसरी निघणार नव्हती.

करवत सिद्ध होती. इंजिन मात्र ठरत नव्हते. बाबासोंनी गावाकडचे आठ अश्वशक्तीचे पंपाचे इंजिन आणले होते. त्यांचा मुलगा रणजीत न्हावा शेव्याला क्रेनवर काम करी. त्याने मोडीतल्या टेम्पोचे पंचवीस अश्वशक्तीचे इंजिन मिळवले होते.

"आबा, एवढ्या बुंध्याला पंपाचं इंजिन? लोक हसतील. मध्येच बंद पडलं म्हणजे?"

बाबासोंना ते पटत होते. कारखान्यात यंत्र थांबणे हाच अपराध; न थांबणाऱ्या यंत्रांचीच त्यांनी जन्मभर सेवा केली होती. तरीही देवाच्या लाकडावर परीक्षा नको, म्हणून गोदीत टाकून दिलेला एक जाड, टणक ओंडका त्यांनी रुळांमध्ये ठेवला.

आधी मोठे इंजिन लावले. पट्टी लोण्यातून जावी तशी निघाली. रणजीत हसला आणि त्याने जोराने ढकलले. अर्ध्यावर ओंडका आतून आवळला, कापलेली फट मिटली आणि पट्टी दोहोंमध्ये अडकली. इंजिनाला त्याचे काहीच नव्हते. ते ओढीतच राहिले. पट्टी तडाड् करून तुटली आणि शेडचा पत्रा फाडून गेली. ओंडका उघडला, तर काप नागमोडी गेला होता आणि लाकूड काळे पडले होते.

"ओंडक्यातच खोट होती," रणजीत म्हणाला. आवाज मात्र उतरला होता.

"खोट कुटल्या लाकडात नसती रं?" तात्या म्हणाले. "आमी करवत वढायचो, एक वर, एक खाली. लाकडानं धरलं की हात आपसूक थांबायचा. तुजं पंचवीस घोडं थांबायचं कवा शिकलं?"

नवी पट्टी चढवून लहान इंजिन लावले. काप रेंगाळत चालला. ओंडका पुन्हा आवळला. इंजिनाला धाप लागली आणि ते बंद पडले.

"बघा! मेलं," रणजीत म्हणाला.

बाबासो वाकले. पट्टी धड होती. काप सरळ होता. ते पुष्कळ वेळ त्या सरळ रेषेवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी फटीत लाकडी पाचर ठोकली, फट उघडली आणि मुलाला म्हणाले, "हँडल मार."

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, बुंध्याला हळदकुंकू वाहून त्यांनी काप धरला. इंजिन तेच, आठाचे. खाली धुतलेले धोतर अंथरले होते. पहिल्या फळीत इंजिन पाच वेळा थांबले. पाच वेळा तात्यांनी पाचरीची जागा दाखवली, बाबासोंनी पाचर ठोकली, रणजीतने हँडल मारले. पाचव्यांदा तो चिडून म्हणाला, "आबा, एवढ्यात मी दातांनी कापलं असतं."

"मग दात जपून ठेव, दुसरी फळी बाकी हाय," तात्या म्हणाले.

दुसऱ्या फळीला ढकलायला रणजीत उभा राहिला. मधोमध इंजिनाचा आवाज किंचित जड झाला. बाबासोंनी हात उचलला. पण त्याआधीच रणजीत थांबला होता. इंजिन चालूच होते. त्याने मान न वळवता फक्त हात मागे केला, "पाचर."

दुपारी दोन पिवळ्याधमक अखंड फळ्या भिंतीशी उभ्या राहिल्या. तात्यांनी धोतराची चारही टोके जुळवली आणि भुशाची गाठ बांधायला घेतली.

"तात्या, थांबा जरा," म्हणत रणजीतने सदऱ्याचा खिसा उलटा केला आणि त्यातला चिमूटभर भुसा धोतरात झटकला.