भात घरात आल्यावरचे वर्ग

डोळखांबच्या शाळेत ती सभा झाली तेव्हा पौष चालू होता. भात झोडून कणगीत पडलं होतं, हाताला काम नव्हतं, म्हणून पोरं भरपूर जमली. शहापूरच्या एका कॉलेजनं बोलावलं होतं. माझा मुलगा शेखर तिथूनच बी.ए. झाला आणि तिथेच कामाला लागला. तो आदल्या आठवड्यात पाड्यापाड्यात फिरून सांगून आला होता की, ज्यांना रोज शहापूरला जाता येत नाही त्यांच्यासाठी कॉलेज डोळखांबला वर्ग काढणार आहे. पदवीचेही, आणि शाळा सुटलेल्यांना शिवण, मोटर दुरुस्ती असलं काही शिकवायचेही. ते कसे असावेत हे पोरांनीच सांगायचं.

मी गेले ती जिवलीबरोबर. जिवली आमच्या शेजारच्या सावळारामची मुलगी. मला अक्षर तिनं शिकवलं. गावात साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा ती नववीत होती आणि माझे केस पिकायला लागले होते. मी पाटीवर क काढला की ती म्हणायची, "काकी, तुझा क बघ, कोंबडी पंख पसरून बसलीय." मी म्हणायचे, "अंड्यावर बसलीय ती, हाकलू नको." सगळ्या बायका हसायच्या. वर्गाची बाई दोन महिन्यांत सोडून गेली, तरी जिवलीनं तो वर्ग दोन वर्षं चालवला. कोणी तिला सांगितलं नव्हतं.

पुढे ती शहापूरला मामाकडे राहून बारावी झाली. मग मामाची बदली झाली. आमच्याकडून निघणारी पहिली एस.टी. शहापूरला पोहोचेपर्यंत कॉलेजचे दोन तास होऊन जात. बापानं म्हटलं, आता घरी बस. तिची पुस्तकं फळीवर गेली, पण ती रोज ती पुसायची, हे मी माझ्या ओटीवरून बघत होते. म्हणून त्या सभेला तिच्यापेक्षा माझाच जीव वरखाली होत होता.

प्राचार्य साधे होते. म्हणाले, "आम्ही काही ठरवून आणलेलं नाही. तुम्ही सांगाल तसं."

पोरं खाली बघायला लागली. मागून कोणीतरी बोललं, "सर, चहा कवा हाय?" हशा झाला. मग जिवली उठली. पदर सारखा करत होती, पण आवाज वर्गातलाच होता.

"सर, वर्ग रविवारी घ्या. शेवटची गाडी सुटायच्या आत सोडा, नायतर पोरींना घरून धाडणार नायत. ज्यांना लहान पोर हाय त्यांच्यासाठी एक पाळणा बांधा आणि सांभाळायला बाई ठेवा. आणि पावसात घेऊ नका. लावणी असते, मग तण काढायची बेणणी, मग कापणी. भात घरात आला की दिवाळीपासून होळीपर्यंत आमी मोकळे असतो. तेवढ्यात काय शिकवायचं ते शिकवा."

शेखर खडूनं फळ्यावर लिहीत गेला. प्राचार्यांनी विचारलं, "सगळ्यांना मान्य?" सगळे हात वर झाले. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी माझाही झाला. मुरबाडलाही अशीच सभा झाली आणि तिथल्या पोरांनीही हेच सांगितलं, असं शेखर नंतर बोलला. त्याला फार बरं वाटलं होतं.

आमच्या पाड्याला ओहोळाचं पाणी आहे. भातानंतर वाल, भाजी होते, ती डोळखांबच्या बाजारात जाते. त्यामुळे दिवाळीनंतर आमच्यातलं कोणी गाव सोडत नाही. जी माणसं सोडतात ती त्या पौषातल्या सभेला नव्हतीच. ती तेव्हा विटा थापत होती. हे माझ्या ध्यानात आलं नाही, शेखरच्या नाही, जिवलीच्याही नाही. आली नाहीत म्हणून त्यांची आठवणही झाली नाही.

वर्गांच्या केंद्राला मंजुरी यायला दीड वर्ष लागलं. तोवर सावळारामला जिवलीच्या लग्नाची घाई झाली. वरच्या अंगाच्या पाड्यातला वाल्मिक नावाचा मुलगा पाहिला. मुलगा गुणी, दारूला न शिवणारा. सावळारामनं बोलणीच्या वेळी सगळ्यांसमोर विचारलं, "डोळखांबला वर्ग निघतायत. पोरीला शिकायचं हाय. धाडाल ना?" वाल्मिकचा बाप बोलला, "धाडू की. इथून चालत जाता येतं." वाल्मिक खाली मान घालून हसला. जिवलीनंही तेवढ्यावरच होकार दिला. कोणी खोटं बोललं नाही. वाल्मिकच्या बापाला कोणी विचारलं नाही की वर्ग कधी आहेत ते माहीत आहे का, आणि दिवाळीनंतर तुम्ही कुठे असता हेही कोणी विचारलं नाही.

लग्न वैशाखात झालं. वाल्मिकच्या घरची जमीन डोंगरउताराची, नाचणी-वरईची. भात थोडं.

नवरात्र संपल्यावर जिवली आली. मी बियाण्यासाठी ठेवलेल्या सुक्या वालाच्या शेंगा सोलत होते. बसली आणि माझ्याबरोबर सोलायला लागली.

"काय गो, सासूनं हाकलली का?" मी म्हटलं.

"सासू बरी हाय." शेंग सोलता सोलता बोलली, "काकी, दिवाळी झाली की आमी विटांच्या भट्टीवर जातो. भिवंडीच्या अंगाला. पाऊस पडेपर्यंत."

"त्यांना जाऊ दे. तू रहा माझ्याकडे."

"तिथं जोडी लागते. नवरा-बायको. एक मातीचा गारा करतो, एक विटा थापतो. एकट्या बाप्याला घेत नायत. मी नाय गेले तर यांना पण कोणी घेणार नाय."

"मग वर्षभर खायचं काय, असं ना?"

"आता कळतंय तुला," ती म्हणाली. हसायचा प्रयत्न केला.

शेखर संध्याकाळी आला. जिवली त्याच्यासाठीच थांबली होती. तिनं त्याला सरळ विचारलं, "शेखरदादा, लावणी आटपली की श्रावण-भाद्रपदात वर्ग नाय का घेता येणार? तवा आमी सगळी घरी असतो. आमच्या पाड्यात माझ्यासारख्या अजून हायत."

शेखरनं पायातले बूट काढले, परत घातले. "जिवले, वर्गाची वेळ कॉलेज ठरवत नाही. पोरांची कमिटी आहे. सभेतच ठरलं होतं ना, पोरं सांगतील तसं म्हणून. मी त्यांच्यापुढे ठेवतो."

"कमिटी कवा बसते?"

"वर्ग सुरू झाले की. दिवाळीनंतर."

तिनं हातातली शेंग टोपलीत टाकली. "मग मी नसणार."

"मी सांगीन ना तुझं म्हणणं."

"सांग," ती बोलली. शेंगांची टोपली माझ्या पुढ्यात सारली आणि अंधार पडायच्या आत निघाली.

कमिटी बसली त्या रविवारी मी गेले. केंद्र म्हणजे शाळेच्याच दोन खोल्या, बाहेर रंगवलेला बोर्ड. एका कोपऱ्यात पाळणा बांधला होता. पोरंपोरी गोल करून बसली होती. त्यांची म्होरकी रेश्मा, किन्हवलीची, हुशार मुलगी. शेखरनं जिवलीचं म्हणणं नीट, एक शब्द न गाळता सांगितलं. त्यात तो चुकला नाही.

रेश्मानं सगळ्यांना विचारलं. एक पोरगा बोलला, श्रावणात आमच्या ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी जातं, गाडीच येत नाही. दुसरी म्हणाली, बेणणी सोडून रविवारी आले तर आई मला घरात घेणार नाही. कोणी म्हणालं, शहापूरचे सर पावसात यायला तयार नाहीत. यातलं काहीही खोटं नव्हतं.

"आणि हे जिवलीताईनंच तर ठरवलं होतं," रेश्मा म्हणाली. "बरोबरच ठरवलं होतं. म्हणून तर आमी इथं बसलोय."

मी उठले. "तिला विचारा की पुन्हा."

"विचारलं असतं, आजी. पण त्या हायत कुठं?"

एक मुलगा माझ्याकडे बघून हळूच बोलला, "आजी, तुमी पण कमिटीत हाव का?" बाकीचे हसले. वाईट नव्हता बोलला तो, मीही सभेत असंच बोलले असते. हात वर झाले. वर्ग होते तसेच राहिले.

घरी आल्यावर मी शेखरला ताट वाढलं आणि म्हटलं, "तू फळ्यावर तिचं ऐकून लिहिलंस तेव्हा एवढं सोपं होतं."

"आये, चाळीस पोरं येतात. तिच्यासाठी बदललं तर यातली निम्मी गळतील. मी काय करू?"

"मला काय विचारतोस. मी कमिटीत नाय."

तो जेवला नाही. मीही त्याला आग्रह केला नाही. त्याचं चुकतंय असं मला म्हणता आलं असतं तर त्या रात्री मला झोप लागली असती.

माघात मी भिवंडीकडे गेले. भाकऱ्या, सुकटीची चटणी, वालाचं बिरडं बांधून घेतलं होतं. वाल्मिकच्या गावच्या माणसानं भट्टी सांगितली होती. रस्त्यापासून आत, धूर दिसतो तिकडे. जिवली उकिडवी बसून साचा उलटत होती, एक वीट, दुसरी, तिसरी, मागे ओळी पार बांधापर्यंत. वाल्मिक गारा तुडवत होता. मला बघून तोच आधी पुढे आला, पाया पडला, पाणी दिलं. "तू बस काकीजवळ, मी थापतो," असं तिला बोलला.

"तुझ्या विटा वाकड्या होतात," ती म्हणाली, पण बसली. हात धुतले तरी नखांतली माती गेली नव्हती. तिचा आवाज बसला होता.

तिनं आधी केंद्राचंच विचारलं. किती येतात. पोरी किती. शेवटच्या गाडीआधी सोडतात का. पाळणा खरंच बांधला का, त्यात कोणी पोर घालतं का. मी सांगत गेले, हो, हो, तीन पोरं असतात, बाई आहे सांभाळायला. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती, जणू तिच्या घरचं कोणी आजारातून बरं झालं आहे.

"मोटर दुरुस्तीला पोरी हायत?"

"एक हाय. दिशा नावाची."

"वा," ती म्हणाली. मग पुढचं विचारायला काही उरलं नसावं. आम्ही भाकर खाल्ली.

शेखरनं तिच्यासाठी निरोप दिला होता. मला वाटलं, ऐकून तिला बरं वाटेल. म्हणून मी तो शेवटी सांगायला ठेवला होता.

"केंद्राच्या दारावर शेखरनं नावं रंगवून घेतलीत. ज्यांनी सगळ्यात आधी सगळं सुचवलं त्यांची. तुझं पहिलं हाय. मी वाचलं. जिवली सावळाराम, बापाच्याच नावानं हाय."

तिनं हातातला तुकडा खाली ठेवला.

"काकी, ते पुसायला सांग."

"का गो?"

"कोणी नवीन पोरगी आली, तिनं वाचलं, विचारलं ही बाई कुठं हाय, ही काय शिकली. तर तुमी काय सांगाल?"

वाल्मिक मागून ऐकत होता. त्यानं साचा हातात धरला होता आणि वीट पाडायचं थांबवलं होतं. "पुढल्या वर्षी बघू," तो म्हणाला. "मी भावाला विचारतो, त्याची बायको..."

"त्याची बायको त्याच्या जोडीला हाय," जिवली बोलली. "तू गारा कर. ऊन हाय तवर सुकतील."

ती उठली, साचा त्याच्या हातातून घेतला आणि पुन्हा बसली. मी भाकरीचं फडकं झटकून घडी केली आणि रस्त्याकडे चालू लागले. तिनं मागून हाक मारली, "हळू जा, वाटेत खड्डे हायत." वर मात्र पाहिलं नाही.

शेखर दारातच उभा होता. मी आत गेले, हातपाय धुतले, आणि तिचं म्हणणं त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो खांबाला टेकला.

"आये," तो म्हणाला, "ऑइलपेंट आहे. पुसून जाणार नाही ते."