फुंकर आणि पाचवी पायरी

बुद्धिबळ क्लबच्या छोट्या हॉलमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या गजांना माणसं लोंबकळत होती आणि त्यातल्या निम्म्यांना उंट कुठला नि वजीर कुठला हेही ठाऊक नव्हतं. सगळ्यांचे डोळे एका लॅपटॉपवर. त्याच्यासमोर डोळे मिटून बसले होते यंत्रस्वामी.

"यंत्राला मन नसतं," स्वामी म्हणाले. "म्हणून मी सरळ त्याच्या मनात शिरतो!"

"वा!" अख्खा हॉल म्हणाला. नसलेल्या मनात शिरायचं कसं, हे विचारायला कुणाला सवड होती?

शिष्याने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. याला म्हणायचं 'शुद्धीकरण'. मग त्याने बुद्धिबळाचा प्रोग्रॅम ताकदीच्या पाचव्या पायरीवर लावला, कारण तत्त्वं पाच. स्वामींनी पडद्यावर फुंकर मारली, पांढऱ्या सोंगट्या घेतल्या आणि एकतिसाव्या खेळीला यंत्राला मात दिली. सलग तिसरा रविवार!

झालं. लोक घरून बंद पडलेली घड्याळं, मिक्सर, इस्त्र्या घेऊन फुंकर मारून घ्यायला रांगेत उभे राहिले. एका आजोबांनी कानातलं मशीन काढून पुढे केलं. स्वामींनी इतकी ओली फुंकर मारली की ते होतं तेवढंही बंद पडलं.

"आजोबा, आता कसं वाटतंय?" शिष्याने विचारलं.

"साडेअकरा," आजोबा म्हणाले.

मागच्या बाकावर ताई वही उघडून बसली होती. शाळेत भूमिती शिकवायची आणि क्लबमध्ये भल्याभल्यांना लोळवायची. येत्या शनिवारी नाट्यगृहात ती याच प्रोग्रॅमशी जाहीर सामना खेळणार होती, तोही प्रोग्रॅम पूर्ण ताकदीवर असताना. वर्षभर तिची तयारी चालली होती. त्याच्याशी त्रेचाळीस डाव खेळली, त्यातले बहुतेक हरली आणि प्रत्येक डाव खेळीगणिक वहीत उतरवला. यंत्र दमत नाही, चिडत नाही. पण फुकटचं प्यादं दिसलं की त्याला राहवत नाही, हे तिने हेरलं होतं. मोकळ्या पटावर ते वाघ. प्याद्यांची भिंत घालून कोंडलं, की त्याचे हत्ती नुसत्या येरझारा घालत बसतात.

क्लबचे सेक्रेटरी घाम पुसत तिच्याकडे आले. "ताई, राग मानू नका, पण शनिवारी स्वामीच बसतील. लोकांची इच्छा आहे."

"आणि माझं वर्ष?"

"तुम्ही त्यांच्या मागे उभ्या राहा की! पाणी द्यायला कुणीतरी लागेलच."

त्यात भर म्हणून पहिल्या रांगेतून तिची आई ओरडली, "अगं, एवढी डोकेफोड करतेस, त्यापेक्षा एक फुंकर मारून घे ना!"

ताईने वही चाळली. स्वामींचे डावही तिने त्यात टिपून ठेवले होते. आजचा डाव, मागच्या रविवारचा, त्याच्या आधीचा. तिन्ही एकतीस खेळ्यांचे आणि काना-मात्रेचाही फरक नाही! मग तिने स्वतःचे पाचव्या पायरीवरचे जुने डाव काढले. सतराव्या आणि तेविसाव्या डावात तिने सुरुवात सारखीच केली होती, आणि यंत्राची उत्तरंही हुबेहूब तीच. तिला खुदकन हसू आलं.

"स्वामी," ती उठली, "अजून एक डाव होऊ दे. शुद्धीकरण करा, पाचवी पायरी ठेवा, फुंकरही मारा. फक्त तुमची पहिली खेळी माझी आई करेल."

स्वामींच्या चेहऱ्यावरचं तेज जरा मंदावलं. "आजचं ग्रहमान..."

"माझ्या हाताने स्वामींचं काय वाकडं होणार आहे?" म्हणत आई केव्हाच उठली होती. भक्तांनी टाळ्या पिटल्या. स्वामींना नाही म्हणायची सोय उरली नाही.

आईला बुद्धिबळातलं एकच ठाऊक होतं, घोडा उडी मारतो. तिने माउस दोन बोटांत धरला आणि घोडा पटाच्या पार कडेला नेऊन ठेवला. "इथे जरा वारा लागेल त्याला."

स्वामींनी पाठ केलेल्या खेळ्या सुरू केल्या. यंत्र मात्र भलतीच उत्तरं देऊ लागलं. आठव्या खेळीला वजीर गेला. स्वामींनी फुंकर मारली, उंट गेला. पुन्हा मारली, हत्ती गेला.

"स्वामी, फुंकर आवरा!" मागून कुणीतरी ओरडलं. "सैन्य उडून चाललंय!"

एकोणिसाव्या खेळीला मात.

"यात जादू काही नाही," ताई म्हणाली. "पाचवी पायरी म्हणजे प्रोग्रॅमने थोडाच पुढचा विचार करायचा. शुद्धीकरण म्हणजे आधीचं सगळं विसरायचं. मग तुम्ही त्याच खेळ्या केल्यात की हा प्रोग्रॅम तीच उत्तरं देतो. स्वामी घरी हरले, एक खेळी बदलली, पुन्हा हरले, पुन्हा बदलली. शेवटी एक जिंकणारा डाव सापडला, तोच पाठ केला. खरं ना?"

"दोनशे अकरा वेळा हरलो," स्वामी पुटपुटले.

"अहो, मग तेच सांगायचं! याला तयारी म्हणतात. मीही तेच करते. ती मेहनत खरी होती, फुंकर तेवढी खोटी."

सेक्रेटरींनी पाण्याचा ग्लास उचलला आणि शनिवारी तोच धरून ताईच्या मागे उभे राहिले. पाच तास ताईने प्याद्यांची भिंत ढळू दिली नाही. डाव बरोबरीत सुटला. पूर्ण ताकदीच्या यंत्रापुढे क्लबातलं कुणी पहिल्यांदाच टिकलं होतं.

"ताई, गुपित काय?" लोकांनी गराडा घातला.

तिने वही वर धरली. "हे. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर टाळी जरा थांबवा. काय काय घडलं ते लिहून ठेवा आणि म्हणा, यातली एकच गोष्ट मला बदलू द्या. खरं असेल तर तरीही टिकेल."

सगळ्यात आधी टाळी वाजवली आजोबांनी. त्यांना शब्दन् शब्द ऐकू आला होता. मशीन त्यांनी दुरुस्तीवाल्याकडून सुकवून घेतलं होतं.