लाल पट्टीवरची चिकटपट्टी

“थांब! हे औषध मला चालत नाही!”

ताईंनी झटकन हात ओढून घेतला आणि सिस्टरच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी ताई त्याच सकाळी दाखल झाल्या होत्या. “काय देतेस गं?” असं त्यांनी सहज विचारलं आणि सिस्टरने औषधाचं नाव सांगितलं, म्हणून निभावलं. पूर्वी एकदा याच औषधाने त्यांचा चेहरा सुजला होता, श्वास कोंडला होता, जीव जाता जाता राहिला होता. आज विचारायचं राहिलं असतं तर? पलंगाशेजारी बसलेल्या त्यांच्या धाकट्या भावाच्या तोंडचं पाणी पळालं.

हे धाकटे बंधू म्हणजे साधीसुधी असामी नव्हे बरं का! रुग्णालयांचं काम संगणकावर आणणारी पहिली कंपनी त्यांनी आणि ताईंनी मिळून काढली. ताई निवृत्त झाल्या, तेव्हापासून कारभार त्यांच्या एकट्याच्या हाती होता. सगळे त्यांना साहेब म्हणत. या वॉर्डातला कॉम्प्युटरसुद्धा साहेबांच्याच कंपनीच्या प्रोग्रॅमवर चालत होता.

“अहो, दाखल होताना अॅलर्जी सांगितली होती आम्ही! माझ्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटरमध्ये भरली! मग हे झालंच कसं?” असं म्हणत साहेब तरातरा सिस्टरच्या टेबलाकडे गेले. स्क्रीन बघितला आणि थिजलेच.

स्क्रीनच्या वरच्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. जखमेच्या बँडेजला लावतात ना, तीच. तिच्या कडा मळल्या होत्या, म्हणजे ती आजची नव्हती. साहेबांनी ती ओढून काढली. खाली लाल पट्टी लुकलुकत होती: ‘या रुग्णाला या औषधाची अॅलर्जी आहे.’

कॉम्प्युटरला ठाऊक होतं! तो बिचारा ओरडून सांगत होता आणि याच लोकांनी त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं!

“कुणी केलं हे?” साहेबांचा आवाज अख्ख्या वॉर्डात घुमला. “माणसं मारायला बसलात का इथे?”

आवाज ऐकून मोठे डॉक्टर धावत आले. त्यांनी चिकटपट्टी पाहिली, सिस्टरचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि क्षणभरही न थांबता म्हणाले, “सिस्टर, एप्रन काढा आणि घरी जा. चौकशी होईल. पुन्हा कामावर याल असं धरून चालू नका.”

“सर, मी एकटीनेच नाही लावली,” सिस्टरला रडू आवरेना. “सगळ्या वॉर्डांत लावलीय. जाऊन बघा.”

“सगळ्या वॉर्डांत?” साहेबांचा कानांवर विश्वास बसेना.

“मग काय करणार? ती पट्टी दिवसभर लालच असते हो!” सिस्टरने डोळे पुसले आणि शेजारच्या पलंगावरच्या आजींची माहिती उघडली. साधं सलाईन निवडलं. पट्टी लाल! ‘हे काळजीपूर्वक द्या.’ मग जीवनसत्त्वाची गोळी निवडली. पट्टी लाल! खोकल्याचं औषध, मलम, काहीही घ्या, पट्टी लालच. “डोळे दुखायला लागायचे, डोकं उठायचं. खरं काय आणि उगाच काय, कळणार कसं? तुमच्या कंपनीत फोन केला होता आम्ही. तिकडून म्हणाले, सावध करणं आमचं काम, वाचणं तुमचं.”

“म्हणून चिकटपट्टी लावायची?” साहेब तडकले. “चूक ती चूकच! डॉक्टर, या बाईंना अजिबात सोडू नका.”

“धाकट्या!”

मागून हाक आली. ताई भिंतीचा आधार घेत वॉर्डातून चालत आल्या होत्या. रुग्णालयाचा ढगळ झगा, विस्कटलेले केस. पण आवाज तोच, जुना, करडा.

“सलाईनलासुद्धा लाल पट्टी? अरे, आपण केलं तेव्हा लाल पट्टी फक्त जिवाच्या धोक्याला होती. सगळ्याला लावायची ही अक्कल कुणाची?”

साहेबांना कंपनीतली एक बैठक आठवली. कुठल्याशा रुग्णालयाने एका चुकीचं खापर कंपनीवर फोडायचा प्रयत्न केला होता. तेव्हा काचेच्या खोलीत, गुबगुबीत खुर्चीत बसून कोणीतरी म्हणालं होतं, “सगळ्याच औषधांना लाल लावून टाका. उद्या काही झालं तर आपल्यावर यायला नको!” सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. वा, काय सुरक्षित तोडगा काढला म्हणून कौतुक झालं होतं.

ते कोणीतरी म्हणजे स्वतः साहेबच होते.

आपल्या हाताने आपण आपल्या बहिणीला... बापरे! ते मटकन स्टुलावर बसले.

ताईंना उत्तर मिळालं. त्या भडकल्या नाहीत. म्हणाल्या, “शिंप्याच्या दुकानावरची खोली आठवते? खाली शिलाई मशिनं चालली की वर आपलं टेबल थरथरायचं. दवाखान्याचं काम कॉम्प्युटरवर होईल म्हटलं की लोक तोंडावर हसायचे. आणि पहिल्याच दवाखान्यात ती नोंदणीवाली बाई अडखळली, तर तू वसकन तिच्या हातातला माउस ओढून घेतलास!”

“तू माझ्या हातावर चापट मारलीस,” साहेब पुटपुटले.

“मारलीच! आणि मी काय म्हणाले होते?”

“तिचा हात जिथे अडतो, तिथे आपली चूक आहे.”

“त्या दिवसापासून आपला रिवाज पडला. ज्याने प्रोग्रॅम लिहिला, त्याने वापरणाऱ्याच्या मागे दिवसभर बसायचं. हात मागे बांधायचे, तोंड बंद ठेवायचं, नुसतं बघायचं. आपण काही फार हुशार नव्हतो रे धाकट्या. आपण बघत होतो, एवढंच. तू शेवटचा कधी बसलास असा?”

साहेबांना आठवेना. ऑफिसातलं कुणी असं बसत असेल, असंही त्यांना वाटेना.

“तुम्ही स्वतःला वाचवायला पट्टी लावली. या पोरीने स्वतःचे डोळे वाचवायला चिकटपट्टी लावली. आणि तुम्हा दोघांच्या मधे पलंगावर मी पडले होते!” ताईंनी सुनावलं.

साहेब उठले. मोठ्या डॉक्टरांपुढे उभे राहिले. “डॉक्टर, सिस्टर घरी जाणार नाहीत. चिकटपट्टी त्यांनी लावली असेल, पण लावायची पाळी मी आणली. चौकशीत माझं नाव पहिलं घाला.”

डॉक्टर चकित होऊन बघतच राहिले. मोठ्या माणसाच्या तोंडून असं काही ऐकायची त्यांना सवयच नव्हती! ते सिस्टरकडे वळले आणि थोडं ओशाळून म्हणाले, “एप्रन राहू द्या. पण आधी सगळ्या वॉर्डांतल्या चिकटपट्ट्या काढून घ्या.”

साहेबांनी तिथूनच ऑफिसात व्यवस्थापकाला फोन लावला. “बिनकामाच्या लाल पट्ट्या आजच्या आज काढायला घ्या. लाल फक्त जिवाच्या धोक्याला. आणि उद्यापासून प्रोग्रॅम लिहिणारा प्रत्येक जण वॉर्डात येऊन बसेल.”

पलीकडून व्यवस्थापक अदबीने म्हणाला, “पण साहेब, उद्या काही झालं तर आपल्यावर येईल ना?”

शब्द न शब्द साहेबांचाच होता! त्यांनी शिकवलेलं पोरांनी किती इमानाने पाठ केलं होतं!

“येऊ दे!” साहेब जवळजवळ ओरडलेच. “आपल्यावरच येऊ दे! आपलं काम आहे, तर दुसऱ्या कुणावर येणार?”

मंडळी, ही गोष्ट एका कंपनीची म्हणून सोडून देऊ नका. ‘आपल्यावर यायला नको’ हे आपण घरात म्हणतो, ऑफिसात म्हणतो, रस्त्यावर अपघात पाहून मान वळवतानाही म्हणतो. जो तो आपलं अंग काढून घेतो, आणि शेवटी ते कुणा निरपराध माणसाच्या जिवावर येतं. तो माणूस आपल्याच घरचा निघाला की मग आपले डोळे उघडतात. तेवढी वाट कशाला बघायची? आपल्या कामाचा भार आपल्या अंगावर घेणं, हीच खरी माणुसकी!

त्या दुपारी साहेब सिस्टरच्या खुर्चीमागे स्टुलावर बसले. सिस्टर एका जागी अडखळली. नको ते बटण दाबलं गेलं, पुन्हा दाबलं गेलं. साहेबांना राहवेना. त्यांचा हात हळूच माउसकडे सरकला.

“हात मागे, धाकट्या!” पलंगावरून ताई कडाडल्या.

साहेबांनी हात मागे घेतले आणि बघत बसले.