तीन दगडांच्या टेकडीवर मी उतरत नाही

मी एक जुनी अवकाशकुपी आहे. मित्रांनो, मला बघायला संग्रहालयात जाऊ नका. मला वजन नाही, पत्रा नाही, वासही नाही. अंतराळात यानं उडवायचा एक फुकट प्रोग्रॅम असतो. हौशी माणसं घरी बसून त्याच्यासाठी आपापली यानं बनवतात आणि जगभर वाटतात. त्यांना अ‍ॅड-ऑन म्हणतात. मी त्यातलीच एक. माझं नाव कार्लीगाश, म्हणजे पाकोळी. आधीच सांगून ठेवते, मी काही गोड स्वभावाची नाही. माझी गोष्ट सुडाची आहे.

माझा जन्म कझाकस्तानात, झेझकाझगान शहरातल्या एका स्वयंपाकघराच्या टेबलावर झाला. मला घडवणारी उल्झान शाळेत भूमिती शिकवायची. तिचे वडील सेय्सेन एकतीस वर्षं शोधगाडीचे ड्रायव्हर होते. अंतराळवीरांना घेऊन खरी कुपी माळावर उतरली, की सगळ्यांच्या आधी तिच्यापाशी गाडी नेऊन उभी करायची, हे त्यांचं काम. पेपरात अंतराळवीरांचे फोटो यायचे, डॉक्टरांचेही यायचे. ड्रायव्हरचा एकदाही आला नाही. लेकीला ते सलत होतं. म्हणून तिने मला घडवायला घेतलं.

पहिल्यांदा तिने मला पांढरीशुभ्र रंगवली. सेय्सेननी चष्मा पुसून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"ही कुठली गं नवरी? मी जन्मात पांढरी कुपी बघितली नाही. खाली येते ती कढईच्या बुडासारखी काळी होऊन येते."

"आके, ती वरून निघताना पांढरीच असते!" उल्झान बापाला म्हणाली.

"असेल. वर मी कुठे होतो?"

मग उल्झानने मला जळायला शिकवलं. मी वरून पांढरी निघते, हवेत शिरले की भाजते आणि माळावर काळी होऊन टेकते. म्हातारा खूश झाला. त्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने दुधाचा चहा केला.

सेय्सेनकडे एक वही होती. कुठल्या महिन्यात कुठल्या टेकडीजवळ वारा कुपीच्या हवाई छत्रीला कसा ओढतो, हे सगळं त्यात पेन्सिलीने लिहिलेलं. उल्झानने त्या वहीतले वारे आकड्यांचा एक तक्ता करून माझ्यात भरले. एका पानाशी मात्र बापलेकीचं वाजलं.

"इथे तीन दगडांची टेकडी आहे," सेय्सेन म्हणाले. "हिच्यावर कुपी उतरता कामा नये. चारी बाजूंनी वारा बाहेर ढकलेल असं कर."

"अहो आके, वारा असा चारी बाजूंना वाहत नाही. शास्त्रात बसत नाही ते."

"शास्त्राला सांग, इथे माझी आजी झोपलीय."

मोठ्या उपासमारीच्या साली सेय्सेनची आजी बालसेकेर चालता चालता माळावरच भुकेने मेली. तिच्या पोराने, म्हणजे सेय्सेनच्या वडिलांनी, तिला तिथेच पुरलं आणि वर तीन दगड ठेवले. कुठल्याही नकाशात ती कबर नाही. एकतीस वर्षांत सेय्सेननी त्या टेकडीवर एकदाही चाक चढवलं नाही, कितीही घाई असली तरी वळसा घालून गेले. उल्झानने मग टेकडीभोवती सातशे मीटरचं कडं आखलं आणि शास्त्रात न बसणारा वारा त्यात बसवला.

माझ्यासोबत मजकुराची एक फाईल होती. तिच्यात लिहिलं होतं, 'एकतीस वर्षं कुप्या शोधणारे सेय्सेन यांच्यासाठी. वारे त्यांचे, बाकी काम त्यांच्या मुलीचं. वापरा, बदला, फक्त ही नावं राहू द्या.' आमच्या हौशी लोकांच्या ऑनलाइन फोरमची रीतच होती तशी. घ्या, सुधारा, पुढे द्या, पण नाव सांभाळा.

काय दिवस होते ते! कुठल्या कुठल्या गावची माणसं मला माळावर उतरवायची आणि लिहायची, 'सेय्सेन, तुमचा वारा अफाट आहे.' म्हातारा रोज संध्याकाळी विचारायचा, "आज किती जण उतरले गं?" उल्झान आकडा सांगायची. तेवढ्यावर त्याचं जेवण गोड व्हायचं.

मग वाईट काळ आला. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती निघाली आणि तिच्यात मी चालेना. उल्झानला दोन पोरं झाली. तिच्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क गेली. पाठोपाठ जुना फोरमही बंद पडला. मी कुणाकुणाच्या फोल्डरमध्ये धूळ खात पडले. राग आला मला, खोटं कशाला बोलू? पण तो रुसवा होता. खरा राग काय असतो ते मला माक्सुतने शिकवलं.

माक्सुत मोठ्या शहरातला, कारागांडीचा. हात चलाख, जीभ त्याहून चलाख. त्याने मला नव्या प्रोग्रॅममध्ये चालती केली, हे मी नाकारत नाही. पण मग त्याने माझं जळणं बंद केलं, मला चकचकीत रुपेरी रंग फासला आणि माझं नाव ठेवलं 'बारीस', म्हणजे हिमबिबट्या. पाकोळीचा बिबट्या केला मेल्याने! आणि मजकुराची फाईल उघडून सेय्सेन आणि उल्झान ही दोन्ही नावं पुसली. तिथे लिहिलं, 'निर्मिती माक्सुतची.' आकड्यांचा तक्ता त्याने उघडून पाहिला आणि तसाच बंद केला. आकड्यांत कुणाचं नाव नसतं, असं वाटलं त्याला. मी तेव्हाच मनात म्हटलं, थांब लेका.

उल्झानने त्याला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "ताई, एकदा जगाला वाटून टाकलं की ते सगळ्यांचंच की. आणि मूळ तुमचं होतं याला पुरावा काय?" पुरावा डिस्क आणि फोरमसोबत गेला होता. तिने ते उत्तर वडिलांना वाचून दाखवलं. सेय्सेननी चहाची वाटी पालथी घातली, बस झालं म्हणून. त्या दिवसापासून त्यांनी 'आज किती जण उतरले' हे विचारणं सोडून दिलं. मित्रांनो, एका म्हाताऱ्याचं जगात एकाच ठिकाणी नाव होतं आणि तेही गेलं. मला दात असते तर मी ते करकरा चावले असते.

दोन वर्षं मी वाट पाहिली. एप्रिलमध्ये अवकाश दिनाला झेझकाझगानच्या सांस्कृतिक भवनात कार्यक्रम ठरला. पाहुणा कोण? माक्सुत! आपली 'बारीस' मोठ्या पडद्यावर उडवून दाखवायला आला. पुढच्या रांगेत जुने शोधपथकवाले बसवले होते, त्यात सेय्सेन आणि शेजारी उल्झान. तिच्या मांडीवरच्या पिशवीत वही. माक्सुत त्यांना चेहऱ्याने ओळखत नव्हता.

आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना सगळ्यांत वडील माणसाला, आक्साकालला, पहिला मान. माक्सुतलाही तो द्यावाच लागला. छातीवर हात ठेवून, वाकून तो म्हणाला, "आक्साकाल, तुम्ही सांगा कुठे उतरवू. बोट ठेवाल तिथे. माझं यान कुठेही उतरतं!"

सेय्सेन सावकाश उठले. पडद्यापाशी गेले. त्यांनी तीन दगडांच्या टेकडीवर बोट ठेवलं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

माक्सुतने मला खाली आणलं. छत्री उघडली. टेकडी जवळ आली आणि त्या सातशे मीटरच्या कड्यापाशी पोचताच मी अशी काही वळले की पलीकडच्या ओढ्यात जाऊन बसले. "वारा, वारा," तो हसून म्हणाला. दुसऱ्या खेपेला मी मागे गेले. तिसऱ्या खेपेला तो घामाघूम झाला. मी त्याला उत्तरेला खारट दलदलीत नेऊन उभा केला.

मागून कुणीतरी ओरडलं, "काय हो, तुमचा बिबट्या उंदराएवढ्या टेकडीला भितो की काय?" सभागृह खदखदलं.

"बाळा, यान तुझं," सेय्सेन शांतपणे म्हणाले. "मग सांग, ते इथे का उतरत नाही?"

"प्रोग्रॅममधली चूक आहे, आक्साकाल. दुरुस्त करीन."

"चूक नाही रे. तिथे माझी आजी आहे. बालसेकेर तिचं नाव."

उल्झानने वही उघडली. पेन्सिलीने काढलेले तीन दगड आणि त्याखाली टेकडीचे अक्षांश-रेखांश. तिने ते आकडे मोठ्याने वाचले, पुढे म्हणाली, "कडं सातशे मीटरचं. आता तुमचा तक्ता उघडा." माक्सुत कीबोर्डपासून मागे सरकला. शेवटी उल्झानच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनीच पुढे होऊन तक्ता उघडला. आकड्याला आकडा जुळला.

"तुला तुझ्या सात पिढ्यांच्या आजोबांची नावं पाठ असतील ना रे?" सेय्सेननी विचारलं. आमच्यात लहान पोरालाही ती यावी लागतात.

"आहेत," तो पुटपुटला.

"मग दुसऱ्याचं नाव पुसताना हात कसा नाही थरथरला?"

माक्सुतचे कान बीट घातलेल्या सूपासारखे लाल झाले. मी पडद्यावरून ते डोळे भरून पाहिलं. असं समाधान मला अंतराळातही मिळालं नव्हतं.

नंतर माक्सुतने सगळ्या फायली उल्झानला परत दिल्या. ती नवी आवृत्ती करायला बसली. माझं नाव परत आलं, वर सेय्सेन, खाली उल्झान. आणि काय सांगू, म्हातारा म्हणाला, "त्याचंही लिही."

"आके! त्याने तुमचं पुसलं!"

"आणि पडलेलीला चालती कुणी केली? रंग कुणी दिला? ज्याने केलंय त्याचं नाव लिहायचं. मी त्याच्यासारखा आहे का पुसायला?"

लिहिलं तिने. तिसऱ्या ओळीत. 'दुरुस्ती आणि रुपेरी रंग, माक्सुत.' माझा अजूनही तिळपापड होतो ती ओळ बघून. पण मित्रांनो, नाव सांभाळा असं मी जगाला सांगत फिरते, तेव्हा मलाही ते सांभाळावंच लागतं. तुम्हीही कुणाचं गाणं, चित्र, गणित घ्या, हवं तसं सुधारा, पण खालचं नाव तेवढं ठेवा. त्या नावामागे घरी कुणीतरी चहाची वाटी घेऊन वाट बघत असतं.

सेय्सेन आता रोज संध्याकाळी विचारतात, "आज किती जण उतरले गं?"

आणि माझा सूड? तो चालूच आहे. उल्झानने रुपेरी रंग तसाच ठेवलाय, पण माझं जळणं पुन्हा सुरू केलंय. दर फेरीला मी माक्सुतचा तो चकचकीत रंग अंगावर घालून वरून निघते, हवेत शिरते, तो शेवटच्या ठिपक्यापर्यंत जाळते आणि कढईच्या बुडासारखी काळी होऊन सेय्सेनच्या माळावर उतरते.