शेपटीतली टकटक

सकाळी सव्वादहाला चहाचा पहिला घोट घेता घेता जावयाचा उजवा हात सवयीने खिशात गेला आणि तिथेच थबकला. खिसा रिकामा होता.

जावई हे काही त्याचं नाव नव्हे. पण विमानं दुरुस्त करायच्या त्या मोठ्या शेडमध्ये शेवटची तपासणी करून सही करणारे तात्या म्हणजे त्याच्या बायकोचे सख्खे काका. त्यांच्याच शब्दावर आठ वर्षांपूर्वी तो तिथे चिकटला. तेव्हापासून मुकादमापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला जावईच म्हणायचे. सासुरवाडीचा मान मिळाला तो एवढाच. बाकी तात्या त्याला इतरांपेक्षा दोन शिव्या जास्तच द्यायचे.

खिशात जे नव्हतं ते एक खेळणं होतं. अर्ध्या बिस्किटाएवढं, दोन पोलादी पट्ट्यांचं, आत लोहचुंबक बसवलेलं. अंगठ्याने वरची पट्टी पुढे सरकवली की टक, मागे घेतली की टक. सिगारेट सुटली तेव्हा बायकोनेच ते आणून दिलं होतं, कारण हा माणूस जेवताना ताटावर बोटं वाजवून घरच्यांना वात आणायचा. सिगारेट सुटली, ताट वाजवणंही सुटलं, आणि ही टकटक मात्र कायमची मागे लागली. सरकवलं की छातीतली कळ जरा सैल व्हायची, असं तो म्हणायचा. ज्याला तशी कळ कधी आलेली नाही, त्याने यावर हसू नये.

शेडच्या दारात एक लाकडी मांडणी होती. तिच्यात प्रत्येकाचा एक कप्पा. आत शिरताना खिशातलं सगळं त्यात ठेवायचं: किल्ल्या, फोन, नाणी, पेनसुद्धा. आत हत्यारांचा एक मोठा फळा होता आणि त्यावर प्रत्येक पान्याची, प्रत्येक पकडीची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली होती. काम संपलं की हत्यार आपल्या आकृतीवर परत. एक आकृती जरी मोकळी दिसली तरी विमान जागचं हलत नसे. कारण विमानाच्या पोटात राहिलेला साधा स्क्रूसुद्धा वर गेल्यावर काय करील ते सांगता येत नाही.

पण खेळण्याची आकृती फळ्यावर नव्हती. ज्याची जागाच रंगवलेली नाही ते हरवलं, हे कळणार कुणाला? महिनाभर जावई ते कप्प्यात न ठेवता चोरून आत नेत होता. पंधरा दिवसांपूर्वी तात्यांनी पकडलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "पुन्हा दिसलं तर ओळखपत्र टेबलावर ठेवायचं आणि घरी जायचं. पुतणीचा नवरा आहेस म्हणून गय करणार नाही."

त्याने कप ठेवला. कपाट उघडून बघितलं, बूट झटकून बघितले, दारातला कप्पा दोनदा चाचपला. कुठेच नाही. बायको दातांच्या दवाखान्यात कामाला होती. सकाळी तिचा फोन बंद असायचा. दोन-तीनदा लावून पाहिला, तो बंदच होता.

मग त्याला आठवलं. आज सकाळी सात ते नऊ तो विमानाच्या शेपटीत होता. खांदे आखडतील एवढी जागा. सुकाणू फिरवणारी तार तिथल्या एका पुलीवरून जाते. त्या पुलीचा बोल्ट त्याने बदलला, नट आवळला, नट सुटू नये म्हणून त्यातून आडवी पिन घातली, तिची टोकं वाकवली. आणि मग, काम झाल्याच्या समाधानात, दोनदा टकटक केलं. अंगठ्याला अजून जाणवत होतं. पत्र्याच्या पोकळीत आवाज जरा मोठा आला होता, तेही आठवत होतं.

आता शेपटीचं झाकण बावीस स्क्रूंनी बंद झालं होतं. पावणेदहाला तात्यांची सही झाली होती. अकराला विमान बाहेर ओढायचं, बाराला एकशेचाळीस माणसं घेऊन उडायचं.

घड्याळात दहा पंचवीस झाले होते.

खोटं कशाला बोला, दहा मिनिटं तो काहीच न करता उभा राहिला. कदाचित बसमध्ये पडलं असेल. कदाचित शेपटीत पडलंच असेल तरी एखाद्या कोपऱ्यात निमूट बसून राहील. मन असं वकिलासारखं बोलत होतं आणि अंगठा रिकाम्या खिशात पुढेमागे होत होता. मग त्याच्या डोळ्यांसमोर ती तार आली, पुलीवरून सरकणारी, आणि तिच्या आणि पुलीच्या मध्ये एक पोलादी पट्टी. तो तात्यांच्या टेबलापाशी गेला.

"तात्या, माझं ते खेळणं हरवलंय."

"बरं झालं," तात्या मान वर न करता म्हणाले. "पीडा गेली."

"शेपटीत हरवलंय."

तात्यांनी पेन ठेवलं. "पडताना बघितलंस?"

"नाही. पण आत वाजवलं होतं. पिन घातली आणि मग दोनदा वाजवलं. पक्कं आठवतंय."

शिवी आली असती तर बरं वाटलं असतं. तात्यांनी रजिस्टर ओढलं, विमान थांबवल्याची तांबडी चिठ्ठी फाडली आणि उठले. "ओळखपत्र ठेव इथे. पिवळ्या रेषेच्या मागे उभा राहा. कशाला हात लावू नकोस."

रेषेच्या मागे उभं राहणं म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं. त्याच्यासमोर बावीस स्क्रू निघाले. चौघं आळीपाळीने आत शिरले, टॉर्च आणि दांडीवरचा आरसा घेऊन फटीफटीत डोकावले. सगळ्यांच्या नजरा खाली होत्या; सगळा तळ हाताने पुसून झाला. बारा वाजले, साडेबारा झाले. पलीकडच्या इमारतीतून दोनदा विचारणा आली. प्रवासी तिथे खोळंबले होते. सापडेपर्यंत विमान उडणार नाही, हा नियम. येणारा जाणारा प्रत्येक जण जावयाकडे बघून जात होता. मुकादम म्हणाला, "तुझ्या करमणुकीपायी आमचं जेवण गेलं." अठ्ठावन्न वर्षांचे तात्या तर दोनदा स्वतः गुडघ्यांवर आत रांगले. पस्तीस वर्षांत त्यांच्या सहीवर एकही तांबडी रेघ ओढली गेली नव्हती, हे जावयाला ठाऊक होतं. मान खाली घालून तो उभा राहिला. त्याला लाज वाटत होती.

एक वाजता ऑफिसातल्या बाईंनी काचेतून हाक मारली, "जावई, घरच्यांचा फोन आहे."

"अहो, किती वेळा फोन केलात," बायको म्हणाली. "काय झालं?"

"माझं ते खेळणं..."

"ते होय. ते माझ्या पर्समध्ये आहे. सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा खिशातून काढून घेतलं. काकांनी सांगितलं होतं मला, त्याचं ते बंद कर नाहीतर त्याची नोकरी जाईल. रागावलात का?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! जावयाने ते खालच्या मानेने येऊन सांगितलं तेव्हा शेडमध्ये हशा पिकला. मुकादमाने तर डोळे पुसले. तात्या शिडीवरून उतरले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "माझीच पुतणी. सांगितलेलं काम चोख करते, पण करून सांगत नाही." मग जावयाला, "हरवल्याचं येऊन सांगितलंस, म्हणून ओळखपत्र परत देतो. बाकीचं उद्या बोलू." सुंठीवाचून खोकला गेला, असं सगळ्यांनाच वाटलं. झाकण लावायला घेतलं. जावईही हसला, खूप वेळाने श्वास पुरा आत गेला.

पाचवा स्क्रू बसत होता तेव्हा त्याचं हसू मावळलं.

खेळणं सकाळपासून पर्समध्ये होतं. मग शेपटीत वाजलं काय?

त्याने ऐकलं होतं. अंगठ्याला ती थरथर जाणवली होती. पत्र्यात आवाज घुमला होता. सगळं लख्ख आठवत होतं आणि त्यातलं काहीही घडलेलं नव्हतं. अंगठा रोजचा होता, काम रोजचं होतं, आणि मनाने कालचा, परवाचा, कुठला तरी दिवस आणून आजच्या जागी बसवला होता. आणि त्या टकटकीच्या अगदी आधी त्याला काय आठवत होतं? पिन.

त्याची पत्र्याची छोटी डबी बाकावर तशीच होती. सकाळी भांडारातून मोजून एकच नवी पिन मिळाली होती. नवी नटात जायची, काढलेली जुनी डबीत यायची. म्हणजे डबीत आता एक असायला हवी, वाकडी झालेली.

त्याने झाकण उघडलं. एक वाकडी होती. तिच्या शेजारी एक सरळ, कोरी, चकचकीत.

नवव्या स्क्रूचा आवाज आला. नट घट्ट आवळलेला होता, ते हातातल्या पान्याने सांगितलं होतं, त्यात आठवणीचा प्रश्न नव्हता, असं मनातला वकील पुन्हा म्हणू लागला. पिनेशिवायही महिनाभर टिकला असता, कदाचित दोन महिने. डबी खिशात टाकली असती तर कुणाला कळणार नव्हतं. आणि बोललं तर या वेळी एकट्याचं भागणार नव्हतं. रजिस्टरात दोन रकाने होते. 'पिन बसवली' यापुढे त्याची सही. 'पिन पाहिली' यापुढे तात्यांची.

त्याने उघडी डबी तशीच तात्यांसमोर धरली.

तात्यांनी डबीत पाहिलं. एक वाकडी, एक सरळ. मागे न वळता म्हणाले, "उघडा परत."

कुणी हसलं नाही. नऊ स्क्रू निघाले. तात्या एकटेच आत गेले. टॉर्चचा उजेड पुलीच्या बाजूला स्थिरावला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मग ते एकेक पायरी चाचपत खाली आले, टेबलापाशी बसले आणि रजिस्टर उघडलं. लाल पेनाने त्यांनी आधी स्वतःची सही खोडली, मग जावयाची.

जावई शेजारी उभा होता. तात्यांचा हात रजिस्टरावरून उचलला जात नव्हता.

"मी पाहिली होती रे ती पिन," ते हळूच म्हणाले. "टोकं वाकवलेली. मला अजून दिसतेय."